सरकारी मदत परत करायची, पण कशातून?

अडचणीच्या काळात सरकारकडून मिळालेले पैसे माणसाने बरे दिवस आल्यावर परत करायला हवेत का? हा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर तयारच असतं. कर भरणारा म्हणतो, ‘माझ्या खिशातून गेलेत, परत यायलाच हवेत.’ दुसरा म्हणतो, ‘ते त्याच्या हक्काचे होते, परतफेड कसली?’ पहिलं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घेतलेलं फेडावं ही भावना मदत घेणाऱ्या कित्येकांच्या मनातही असते. ‘फुकटं खाल्लं’ हा शिक्का त्यांनाही नको असतो.

घोडं अडतं ते पुढे. परत करायचे म्हणजे कशातून? मिळालेले पैसे भाडं, अन्न, औषधं यांत त्याच महिन्यात संपलेले असतात. त्यामुळे वसुली दुसऱ्याच कशातून तरी होणार. उद्याच्या पगारातून, राहत्या घरातून, पुढच्या महिन्याच्या मदतीतून, नाहीतर मुलांच्या वाट्याला येणाऱ्या वारशातून. या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे आणि त्यातला न्याय-अन्यायही वेगळा. वेगवेगळ्या देशांनी हे सगळे मार्ग वापरून पाहिलेत, त्यामुळे नुसत्या तत्त्वावर वाद घालत बसण्याची गरज नाही.

एक प्रकार आधीच बाजूला काढू. उत्पन्न लपवून, खोटे कागद जोडून जो पैसे घेतो त्याच्याकडून ते वसूल व्हायला हवेत, यावर फारसं दुमत नाही. तसे कायदेही बहुतेक देशांत आहेत. पुढचं सगळं प्रामाणिकपणे मदत घेतलेल्या माणसाबद्दल आहे.

मदत उसनी म्हणून देण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठीचा कायदा सुधारला गेला. त्यात एकवीस वर्षांवरच्या माणसाला दिलेली मदत कर्ज म्हणून देण्याची आणि ती त्याच्या मजुरीतून कापून घेण्याची तरतूद होती. त्याआधीच्या 1601 च्या कायद्याने तर आईवडील, आजीआजोबा आणि मुलं यांच्यावर एकमेकांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. म्हणजे गरिबाचा खर्च आधी नातेवाइकांनी उचलायचा. ही जुनी व्यवस्था तिथे 1948 साली मोडीत निघाली.

आता पगारातून वसुलीचं बघू, कारण सगळ्यांना पहिल्यांदा हाच मार्ग सुचतो. नोकरी लागली, थोडं थोडं फेड. ऐकायला रास्त वाटतं. पण मदतीवर असलेल्या माणसाची कमाई वाढू लागते तेव्हा दुसरीकडे त्याची मदत आधीच कमी होत असते, हे यात विसरलं जातं. ब्रिटनमधल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चं, म्हणजे बेकारांना आणि कमी कमाईवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, उदाहरण घेऊ. तिथे ठरावीक मर्यादेनंतर हातात पडणाऱ्या कमाईतल्या प्रत्येक 100 पौंडांमागे 55 पौंड मदत कमी होते. समजा एखाद्या बाईने जास्तीचे तास काम करून आणखी 100 पौंड मिळवले. ती करमर्यादेच्या वर असेल तर 20 पौंड आयकर आणि 8 पौंड राष्ट्रीय विमा जाऊन हातात राहतात 72. त्या 72 वर 55 टक्क्यांनी मदत घटते, म्हणजे 39 पौंड 60 पेन्स गेले. उरले 32 पौंड 40 पेन्स. कामावर जायचा प्रवासखर्च आणि मुलांना सांभाळायला ठेवायचा खर्च यातूनच. आता यात जुन्या मदतीच्या परतफेडीचा 10 पौंडांचा हप्ता घाला. शंभरातले 22 पौंड 40 पेन्स राहिले. त्याच देशात सर्वांत वरच्या टप्प्यातला श्रीमंत माणूस आपल्या शेवटच्या 100 पौंडांतले 53 घरी नेतो.

म्हणजे पगारातून परतफेड हा गरिबाच्या कमाईवर लावलेला जादा कर असतो, आणि तो नेमका तेव्हा सुरू होतो जेव्हा माणूस स्वतःच्या पायावर उभं राहायची धडपड करत असतो. ‘जास्त काम कशाला करू?’ हा प्रश्न त्याला पडला तर त्याला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचं? स्वित्झर्लंडमध्ये सामाजिक मदत तत्त्वतः परत करण्याजोगी मानतात, नियम मात्र प्रत्येक कँटनचे, म्हणजे तिथल्या प्रांताचे, वेगळे. तिथली सामाजिक मदतीचे मापदंड सुचवणारी राष्ट्रीय परिषदसुद्धा सांगते की कष्टाच्या कमाईतून वसुली करू नये. परतफेडीला विरोध नसलेल्या देशातून हा सल्ला येतो, म्हणून त्याला वजन आहे.

याहून अजब प्रकार म्हणजे मदतीतूनच मदतीची वसुली. ब्रिटनमध्ये 1988 साली ‘सोशल फंड’ आला आणि पूर्वी पलंग, शेगडी अशा मोठ्या गरजांसाठी मिळणाऱ्या अनुदानांपैकी बऱ्याच गोष्टींसाठी बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. हप्ते पुढच्या साप्ताहिक मदतीतून कापले जायचे. कर्ज देताना अर्जदार ते फेडू शकेल का हे बघायचं, असा नियम. परिणामी ज्यांची अवस्था सगळ्यांत वाईट, त्यांनाच ‘तुम्ही फेडू शकणार नाही’ म्हणून नकार मिळू लागला. आजच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये अर्ज केल्यापासून पहिले पैसे हातात यायला साधारण पाच आठवडे जातात. तोवर भागवायला आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या 24 महिन्यांपर्यंतच्या हप्त्यांतून कापली जाते. मदतीचा पहिलाच दिवस कर्जाने सुरू होतो, आणि त्या कर्जाचं कारण सरकारचं स्वतःचं वेळापत्रक असतं.

घराची गोष्ट मात्र वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला शुश्रूषागृहात ठेवायचं तर वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची पुंजी दोनतीन वर्षांत संपते. मग ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना खर्च उचलते. त्या बदल्यात त्या व्यक्तीचं निवृत्तिवेतन वगैरे जवळपास सगळं उत्पन्न शुश्रूषागृहाकडे जातं. स्वतःसाठी ठेवता येणारी किमान रक्कम केंद्रीय नियमाप्रमाणे महिन्याला अवघी 30 डॉलर. राहतं घर मात्र सहसा पात्रतेच्या हिशेबात धरत नाहीत. माणूस जिवंत आहे तोवर घर सुरक्षित.

तो गेला की हिशेब उघडतो. 1993 च्या कायद्याने सगळ्या राज्यांना बंधन घातलं की 55 वर्षांवरच्या व्यक्तीवर दीर्घकालीन शुश्रूषेसाठी झालेला खर्च तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करायचा. मागे राहिलेली मालमत्ता म्हणजे बहुतेक वेळा तेच घर. पती किंवा पत्नी हयात असेल, 21 वर्षांखालचं मूल असेल, किंवा अंध वा अपंग अपत्य असेल तर वसुली थांबते. वारसाला फार हाल सोसावे लागणार असतील तर सूट मागता येते. बाकीच्यांना आईच्या अंत्यविधीनंतर काही आठवड्यांत दाव्याचं पत्र येऊ शकतं.

तत्त्व म्हणून बघितलं तर मला हा सगळ्या मार्गांत सर्वांत समर्थनीय वाटतो. माणसाजवळ मालमत्ता होती, पण ती विकून खाण्यासारखी नव्हती. सरकारने त्याला घराबाहेर न काढता सांभाळलं. तो गेल्यावर त्या घरावर पहिला हक्क खर्च उचलणाऱ्या करदात्यांचा की वारसांचा? करदात्यांचा, असं म्हणणं क्रूर नाही. घर नसलेल्या मजुराने भरलेल्या करातून दुसऱ्याच्या मुलांचा वारसा शाबूत का ठेवायचा?

घोळ आहे तो अंमलबजावणीत. ज्याला चांगला वकील परवडतो तो पाच वर्षं आधीच मालमत्ता मुलांच्या नावे किंवा विश्वस्त निधीत टाकतो, कारण मेडिकेड मागची पाच वर्षंच तपासतं. सापडतात ते साधी घरं असलेले लोक, ज्यांना नियमच ठाऊक नव्हता. अनेकदा आईची सेवा करायला नोकरी सोडून तिच्याकडे राहायला आलेली मुलगीच त्या घरात असते. काही ठरावीक परिस्थितीत तिला संरक्षण मिळतं, पण त्यासाठी ते मागावं लागतं, कागद दाखवावे लागतात. आणि हाताला काय लागतं? 2019 या आर्थिक वर्षात सगळ्या राज्यांनी मिळून जवळपास 73 कोटी डॉलर वसूल केले. दीर्घकालीन शुश्रूषेवरच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मेडिकेडवर संसदेला सल्ला देणाऱ्या आयोगानेच 2021 मध्ये शिफारस केली की ही वसुली राज्यांवर सक्तीची ठेवू नये.

जर्मनीने हेच जरा बेताने केलंय. तिथे सामाजिक मदत घेतलेल्या व्यक्तीच्या वारसांकडून मृत्यूआधीच्या फक्त दहा वर्षांतला खर्च मागता येतो, तोही वारशाच्या किमतीच्या आत. बेरोजगारांसाठीच्या मूलभूत मदतीबाबतची अशी वसुली तर 2016 साली रद्दच झाली. म्हाताऱ्या आईवडिलांवर झालेला खर्च मुलांकडून घ्यायचा नियम अजून आहे, पण 2020 पासून वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त ढोबळ उत्पन्न असलेल्या मुलांनाच तो लागतो.

घरावर बोजा चढवण्याचा एक दुष्परिणाम मात्र लक्षात घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये गृहकर्जाचं व्याज भरायला मदत मिळायची. 6 एप्रिल 2018 पासून तिचं रूपांतर घरावरच्या सव्याज कर्जात झालं, घर विकलं किंवा मालक वारला की फेडायचं. पैसे तेच आणि तातडीची परतफेडही नाही. तरी मोठ्या संख्येने लोकांनी ते नाकारलं. ‘कर्ज’ म्हटल्यावर माणूस बिचकतो, आणि ज्याला खरोखर गरज आहे तोही पाय मागे घेतो. सरकारचे पैसे वाचतात खरे, पण गरज संपल्यामुळे नव्हे.

दुसऱ्याच्या हक्कातून होणारी वसुली तर फार जणांना माहीतही नसते. अमेरिकेत एकट्या आईने कुटुंबासाठी रोख मदत घेतली की मुलाच्या पोटगीचा तिचा हक्क सरकारकडे वर्ग होतो. ही पद्धत 1975 पासूनची. बाप महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो, पण ते मुलापर्यंत पोचण्याऐवजी मदतीची भरपाई म्हणून सरकार ठेवून घेऊ शकतं. काही राज्यं त्यातला काही भाग आईला देतात. बापाला वाटतं आपण मुलासाठी भरतोय, आईला वाटतं तो काही देतच नाही.

अचानक घबाड मिळालं तर? लॉटरी लागली, मोठा वारसा मिळाला. इथे परतफेड मागायला माझी हरकत नाही, कारण त्यात कुणाच्या कष्टाला दंड बसत नाही. स्वित्झर्लंडमधल्या कँटनांत वसुलीचा हाच नेहमीचा मार्ग आहे. जपानच्या सार्वजनिक मदत कायद्याच्या कलम 63 मध्येही याच्याशी मिळताजुळता विचार दिसतो. हाताशी मालमत्ता होती, पण तातडीच्या अडचणीत वापरता येत नव्हती म्हणून मदत घेतली, तर नंतर ती परत करायची.

विद्यार्थ्यांचं उदाहरण परतफेडीचे समर्थक नेहमी देतात, आणि ते चांगलं आहे. जर्मनीत गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी ‘बाफोग’ मदत सर्वसाधारणपणे अर्धी अनुदान आणि अर्धी बिनव्याजी कर्ज असते. कर्ज कितीही झालं तरी फेडायची कमाल रक्कम 10,010 युरो. ऑस्ट्रेलियाने 1989 साली उच्च शिक्षणाच्या फीसाठी अशी पद्धत आणली की पदवीनंतर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तरच करासोबत परतफेड कापायची. हे चालतं, कारण शिक्षणाने सहसा कमाई वाढते आणि त्या वाढीतूनच हप्ता जातो. महिन्याच्या भाड्याला आणि जेवणाला दिलेल्या पैशांतून अशी वाढीव कमाई उभी राहत नाही. फी आणि जेवण या दोन्हींना एकाच नियमात बसवायला गेलं की तर्क फसतो.

‘माझ्या खिशातून’ या तक्रारीकडेही जरा बघू. मदत घेणारे आणि कर भरणारे अशा दोन जाती नसतात. सीबोम राऊनट्री याने 1899 साली इंग्लंडच्या यॉर्क शहरात घरोघरी पाहणी केली, तेव्हा त्याला मजुराच्या आयुष्यात गरिबीच्या लाटा दिसल्या. लहानपणी गरिबी, कमवायला लागल्यावर जरा बरं, स्वतःची पोरं लहान असताना पुन्हा ओढाताण, पोरं कमावती झाली की पुन्हा बरं, आणि म्हातारपणी परत गरिबी. माणूस तोच, कधी देणारा आणि कधी घेणारा. अर्थशास्त्रज्ञ निकोलस बार यांनी कल्याणकारी राज्याला मातीच्या गल्ल्याची उपमा दिली आहे, ती याच अर्थाने. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देणं हे त्याचं एक काम. प्रत्येकाच्या चांगल्या दिवसांतले पैसे त्याच्याच वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवणं हे दुसरं. ज्याला पुढे नोकरी लागते तो करातून भरतच असतो, आणि ज्याला लागत नाही तोही खरेदीवरचा कर चुकवू शकत नाही.

कधी तर परतफेड पुढच्या पिढीत दिसते. अमेरिकेत 1911 ते 1935 या काळात गरीब एकट्या मातांना राज्यांकडून छोटी मासिक रक्कम मिळायची. संशोधकांनी अर्ज मंजूर झालेल्या मातांच्या मुलांची तुलना अर्ज फेटाळले गेलेल्या मातांच्या मुलांशी केली. मदत मिळालेल्यांचे मुलगे सरासरी सुमारे एक वर्ष जास्त जगले, जास्त शिकले आणि तरुणपणी जास्त कमावते झाले.

धंद्यांना दिलेल्या मदतीचाही उल्लेख करायला हवा, कारण तिथे परतफेडीचा आग्रह एकदम मवाळ होतो. 2020 आणि 2021 मध्ये अमेरिकी सरकारने कोविडच्या काळात छोट्या कंपन्यांना नोकऱ्या टिकवण्यासाठी सुमारे 800 अब्ज डॉलर ‘कर्ज’ म्हणून दिले. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम माफ झाली. आणीबाणीची वेळ होती, ठीक. पण ज्याला कर्ज म्हटलं ते माफ, आणि ज्याला मदत म्हटलं त्यासाठी मेलेल्या आईच्या घरावर दावा, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

राहिली ती जादा गेलेल्या रकमेची वसुली. व्यवहारात परतफेडीच्या बहुतेक नोटिसा याच कारणाने निघतात, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच झालंय. ऑस्ट्रेलियात 2016 पासून मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या ‘रोबोडेट’ योजनेत संगणकाने काय केलं ते आकड्यांतून बघा. तिथे मदत घेणारा दर पंधरवड्याला आपली कमाई कळवतो. समजा एक तरुण वर्षातले पहिले 13 पंधरवडे बेकार होता. त्याने मदत घेतली आणि कमाई शून्य असं खरं कळवलं. नंतरचे 13 पंधरवडे नोकरी केली, दर पंधरवड्याला 2,000 डॉलर मिळवले, मदत बंद. वर्षाची कमाई 26,000. संगणकाने करखात्याकडून हा वार्षिक आकडा उचलला, 26 ने भागला आणि म्हणाला, तू दर पंधरवड्याला 1,000 कमावत होतास. म्हणजे बेकारीच्या काळात तू शून्य सांगितलंस ते खोटं. भर पैसे.

चूक शाळकरी पोराच्याही लक्षात येईल अशी. तरी ती लाखो लोकांवर लादली गेली, आणि आपण देणं लागत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नोटीस मिळालेल्यांवर टाकली. काही वर्षांपूर्वीच्या तात्पुरत्या नोकरीच्या पगारपावत्या आणायच्या कुठून? घाबरून अनेकांनी पैसे भरले. 2019 मध्ये न्यायालयात सरकारला माघार घ्यावी लागली. 2020 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार चुकीची देणी मिळून 72 कोटी डॉलर परत करायची घोषणा झाली. कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाने 2023 च्या अहवालात या योजनेवर अत्यंत कडक ठपका ठेवला.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्याबाबत असंच घडलं. पालकाने स्वतःचा छोटासा वाटा भरल्याचा एखादा पुरावा नसेल तर अख्ख्या वर्षाचा भत्ता, म्हणजे हजारो युरो, परत मागितला गेला. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली आणि जानेवारी 2021 मध्ये मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. (मार्चच्या निवडणुकीनंतर पंतप्रधान पुन्हा तेच झाले.)

ब्रिटनमध्ये आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या भत्त्याची अट 2024-25 मध्ये अशी होती की आठवड्याची कमाई 151 पौंडांच्या आत हवी. वर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचा संपूर्ण 81 पौंड 90 पेन्सांचा भत्ता रद्द. वर्षभर दर आठवड्याला एकच पौंड जास्त कमावणाऱ्याची जादा कमाई 52 पौंड, आणि परत करायची रक्कम 4,258 पौंड 80 पेन्स. करखात्याची माहिती भत्ता देणाऱ्या विभागाकडे येत असूनही कित्येकदा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं कुणी काही बोललं नाही, आणि मग साचलेला आकडा एकदम पुढ्यात आला.

त्याच देशात पूर्वीच्या अनेक मदत योजनांत एक साधा नियम होता. लाभार्थ्याने काही लपवलं नसेल आणि चूक कार्यालयाची असेल, तर जादा गेलेली रक्कम कायद्याने वसूल करता येत नसे. 2012 च्या कायद्याने युनिव्हर्सल क्रेडिटसाठी हा नियम काढून टाकला. आता कारकुनाने चुकीचा आकडा भरला, लाभार्थी बाईने विचारल्यावर ‘बरोबर आहे’ असं सांगितलं, आणि तिने ते पैसे भाड्यात घातले, तरी वसुली तिच्याकडूनच होऊ शकते. माफी द्यायची की नाही हे त्याच विभागाच्या मर्जीवर आहे.